तेलवाल्याचा पाइप

साखरतरला युसुफ होडेकरचं घर विचारलंत तर लोक जरा आठवायला थांबतील. युसुफ तेलवाल्याचं घर विचारलंत तर शेंबडं पोरसुद्धा हात करून दाखवील. आता, तेल विकायचा धंदा त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलेला नाही. जहाजाच्या इंजिनखोलीत जो माणूस यंत्रांना तेल देत फिरतो, कुठलं बेअरिंग तापलंय ते नुसत्या तळव्यानं ओळखतो, त्याला खलाशांच्या बोलीत तेलवाला म्हणतात. युसुफनं उभी हयात हेच काम केलं. निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा त्याच्याबरोबर दोन कान आले, दोन्ही अर्धवट, आणि एक आवाज आला, जो शेजारच्या वाडीत ऐकू जायचा. इंजिनखोलीत ओरडून बोलायची सवय लागलेल्या माणसाला घरात हळू बोला म्हणून सांगून उपयोग नसतो. त्याची बायको हफीजा सांगून सांगून थकली आणि मग तिनं तो विषय सोडला.

त्यांना एकच मुलगी, आफरीन. तिनं बारावी झाल्यावर मला जहाजावर जायचंय म्हणून सांगितलं तेव्हा नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. पोरीची जात, महिनोन् महिने पाण्यावर, लग्न कोण करील, असं सगळं. हफीजालाही धास्ती वाटत होती. युसुफनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "जाईल. पण खाली नाय, वर." खाली म्हणजे इंजिनखोलीत, वर म्हणजे ब्रिजवर, जिथून कप्तान जहाज चालवतो. हे त्याला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या वाडीत निम्म्या घरांतले पुरुष जहाजावर नाहीतर आखातात गेलेले. पण या किनाऱ्यावरून ऑफिसर होऊन गेलेली मुलगी आपलीच पहिली, असं युसुफ पुढे छातीठोकपणे सांगायचा, आणि त्याचं म्हणणं खोडून काढणारं अजून कुणी भेटलेलं नाही.

आफरीन शिकली, कॅडेट म्हणून राबली, परीक्षा पास झाली, आणि थर्ड ऑफिसर म्हणून पहिली सफर पुरी करून घरी आली ती भातकापणीच्या दिवसांत. आईला तिनं शाल आणली. बापाच्या हातात एक चपटा खोका दिला. आत मखमलीवर लाकडी पाइप होता, पिकल्या चिकूच्या रंगाचा, आणि बरोबर तंबाखूचं पाकीट.

युसुफनं पाइप उचलून, बेअरिंग तपासावं तसा तळव्यावर फिरवून बघितला.

आफरीन लहान असताना तो सुट्टीवर आला की तिला जहाजाच्या गोष्टी सांगायचा. त्यात एक ग्रीक कप्तान हमखास यायचा. हा कप्तान ब्रिजच्या कठड्याशी उभा राहून पाइप ओढायचा, इतका सावकाश की खालून बघणाऱ्याला वाटावं तो नुसता दातात धरलाय. युसुफ इंजिनखोलीतून मिनिटभर वर आलेला असायचा, ओंजळीत लपवलेली सिगारेट भसाभसा ओढून संपवायचा, आणि तेवढ्यात मान वर करून त्या पाइपकडे बघून घ्यायचा. पोरीनं हे सगळं लक्षात ठेवलं होतं. बाजारातून आणल्यासारखं सहज ती म्हणाली, "त्या ग्रीक कप्तानाचा होता तसा बघून घेतला, अब्बा."

सिगारेट युसुफनं खोकला लागल्यावर कधीच सोडली होती. हफीजाला घरात तंबाखूचा वास नको होता. पण लेकीनं पहिल्या सफरीतून आणलेली वस्तू, तिला नाही तरी कसं म्हणणार? तिनं अटी घातल्या. धूर छातीत घ्यायचा नाही, ओढायचा तर आठवड्यातून एकदा, आणि तोही पडवीत. युसुफनं मान डोलावली.

पहिल्याच शुक्रवारी त्यानं पडवीत खुर्ची मांडली. त्याचा जुना दोस्त महिपत मुद्दाम बघायला आला. महिपत एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, रत्नागिरी–देवरूख गाडीवर आयुष्य काढलेला, शब्दाला महाग नाही पण कधी घाईत नाही असा माणूस. आणखी चारदोन शेजारी कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी रेंगाळले. युसुफनं पाकीट फोडलं, ओलसर तंबाखू अंगठ्यानं दाबून दाबून पाइपच्या वाटीत गच्च भरला, काडी ओढली आणि सुरुवात केली. धूर असा निघाला की महिपत म्हणाला, गोठ्यातले डास हाकलायलाही एवढा धूर कुणी करत नाही. पाइप विझला की युसुफ पुन्हा पेटवायचा, जोरानं ओढायचा, पुन्हा विझला की पुन्हा. वाटी इतकी तापली की हातात धरवेना. तरी त्यानं ती संपवली. लेक दारात उभी राहून बघत होती आणि फोनवर त्याचे फोटो काढत होती. तो हसला, सगळ्यांना हात केला.

रात्री जेवायला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि युसुफच्या डोळ्यांत पाणी आलं. जीभ शेंड्यापासून मधोमध सोलवटल्यासारखी झाली होती. मीठ लागलं तरी आग, गरम लागलं तरी आग. भूक नाही म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशीही त्यानं थंड पेज घेतली आणि वर दही. हफीजाच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. तिनं एकट्याला गाठून जीभ दाखवायला लावली, आणि बघून कपाळाला हात लावला. युसुफनं तिला आफरीनला सांगायचं नाही अशी गळ घातली. पोरीनं एवढ्या लांबून, एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू बापाला सोसली नाही, हे तिच्या कानावर घालायचं नव्हतं त्याला. हफीजानं तेव्हा ते मानलं. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा खुर्ची टाकून बसला, पुन्हा तेच झालं, आणि शनिवारी पुन्हा पेज.

आफरीनला वाटलं अब्बाला काही आजार लपवायचाय. तिनं रत्नागिरीला डॉक्टरकडे जायचा लकडा लावला तेव्हा हफीजानं खरं काय ते सांगून टाकलं. मुलगी आधी हसली, मग तिला वाईट वाटलं, आणि मग तिनं कामाला हात घातला, कारण तिचा स्वभाव तसाच होता. तिच्या जहाजाचा चीफ ऑफिसर पाइप ओढणारा होता. तिनं त्याला विचारलं. त्यानं लांबलचक निरोप पाठवला, आणि तिनं तो बापाला समजावून सांगितला. तंबाखू ओला असला की त्याची वाफ होते आणि जीभ धुरानं कमी, त्या वाफेनंच जास्त भाजते. म्हणून आधी तो कागदावर पसरून जरा सुकवायचा. वाटी गच्च भरायची नाही. खाली सैल, वर किंचित दाबून, आणि ओढून बघितलं की हवा सहज यायला पाहिजे. गरम सार घोट घोट घेतात तसा धूर घ्यायचा. विझला तर विझू द्यायचा, त्यात कमीपणा नाही. वाटी गालाला लावून बघायची, चटका बसला तर खाली ठेवायची.

युसुफ यंत्रातला माणूस. असल्या गोष्टी त्याला एकदा सांगितल्या की पुरे. त्यानं सुपात वर्तमानपत्र घालून तंबाखू वाळवला. राख दाबायला एक जुना बोल्ट कानशीनं घासून त्याचं डोकं सपाट केलं. नळी साफ करायला कोंबडीचं पीस धुऊन ठेवलं. सगळी तयारी अशी चोख की आफरीननं त्या सामानाचे फोटो चीफ ऑफिसरला पाठवले.

आणि तरी जीभ भाजलीच. पहिल्याइतकी नाही, पण भाजली.

पुढच्या शुक्रवारी युसुफ चिडूनच बसला. सांगितलेलं सगळं केलं, मग चुकतंय कुठं? तो तंबाखूला नावं ठेवायला लागला, मग पाइपला, मग खाडीवरच्या वाऱ्याला. महिपत समोर बसून ऐकत होता. आफरीन पुढच्या सफरीच्या बॅगा भरत होती. हफीजा अंगणात चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती, आणि इतका वेळ न बघितल्यासारखं करून सगळं बघत होती. तंबाखूशी तिला देणंघेणं नव्हतं, पण विस्तव कुणी असा वाईट वागवलेला तिला बघवत नव्हता. ती फुंकणी घेऊनच पडवीत आली.

"कोण बोलवतंय तुमाला?" तिनं विचारलं.

युसुफला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, कुणी नाही बोलवत.

"मग ओढताव असे कशाला? कोणतरी खालून हाक मारील आणि पाइप टाकून पळायला लागंल, असे ओढताव. तुमाला आता कोण हाक मारणार नाय."

एवढं बोलून ती थांबली नाही. चुलीतला निखारा राखेखाली झाकला तर सकाळपर्यंत जिवंत राहतो, आणि फुंकत बसलं तर हा हा म्हणता जळून जातो, हे तुम्हाला सांगायला लागतं का, असं ऐकवून ती परत चुलीकडे गेली.

युसुफ पाइप हातात घेऊन तसाच बसला. तिचं म्हणणं त्याला लागलं होतं, आणि खरं होतं म्हणूनच लागलं होतं. सारंगाची, म्हणजे मुकादमाची, हाक, घंटा, धोक्याचा भोंगा, यांतलं काहीतरी कधीही येईल अशाच तयारीत त्यानं जन्मभर धूर घेतला होता. चहाही तसाच प्यायला होता. जेवलाही तसाच होता. घरी आल्याला इतकी वर्षं झाली तरी तो खुर्चीत बसायचा तो टोकावर, उठायच्या बेतात.

त्या दिवशी त्यानं खुर्ची मागं सरकवली आणि पाठ टेकली. वाटी भरली. पेटवला, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसता खाडीकडे बघत राहिला. महिपतला त्यानं काहीतरी बोल म्हणून सांगितलं. महिपतला तेवढंच हवं होतं. त्यानं धुक्यात एकदा गाडीपुढे गव्यांचा कळप आडवा आला आणि सगळे प्रवासी कसे चिडीचूप बसले, ती गोष्ट काढली. महिपतची गोष्ट म्हणजे घाटातली एसटी, प्रत्येक वळणावर गिअर बदलणार. युसुफ ऐकत होता, मधेच आठवण झाली की पाइप ओठाला लावून हलका घोट घेत होता. विझला की लगेच पेटवत नव्हता. गवे रस्ता ओलांडून गेले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वाटीच्या तळाशी पांढरी राख उरलीय आणि जीभ जागच्या जागी आहे. आणि तंबाखूला चव असते, सुक्या अंजिरासारखी काहीतरी, हेही त्याला तेव्हाच कळलं.

रात्री त्यानं बांगड्याच्या तिखल्यातला रस्सा दोनदा मागून घेतला. हफीजानं वाढला, आणि आफरीननं आईकडे बघितलं तेव्हा ती ओढणीआड हसत होती.

आफरीन गेली. नवं जहाज, नवा कप्तान. युसुफ शुक्रवारी पाइप ओढत राहिला. एकदा मधे तिचं जहाज कुठल्याशा गडबडीच्या समुद्रातून जात होतं आणि तिचा फोन बरेच दिवस आला नाही, तेव्हा त्याचा हात पुन्हा बिघडला. भसाभसा ओढला आणि जीभ पोळून घेतली. हफीजानं पेज करून पुढ्यात ठेवली आणि आपणही तीच खाल्ली. फोन आला तेव्हा दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसली. त्यानंतर मात्र तो घसरला नाही. आता वाडीतली माणसं त्याच्याकडे येऊन बसायची, आणि त्याचा आवाजही पाइप तोंडात असताना आपोआप खाली यायचा. हा फायदा हफीजानं सगळ्यांना सांगितला.

आंब्याला मोहोर आला होता तेव्हा आफरीनचा फोन आला. जहाज कोळसा घेऊन येतंय, आणि येतंय ते जयगडला. म्हणजे घरापासून गाडीनं जेमतेम दीड-दोन तासांचा रस्ता. जगभरातली बंदरं सोडून लेकीचं जहाज रत्नागिरी जिल्ह्यात लागणार हे ऐकून हफीजानं डब्यात काय काय न्यायचं ते तिथल्या तिथं मोजायला घेतलं.

युसुफनं ते वाडीभर केलं. पण एक गोष्ट त्यानं फक्त महिपतला सांगितली. इतकी वर्षं तो जहाजावर होता, असंख्य बंदरांत गेला, पण बंदरात शिरणारं जहाज त्यानं कधीही बघितलं नव्हतं. जहाज बंदराला लागताना तेलवाला खाली असतो. त्याला वरून हुकूम तेवढे येतात, हळू, थांब, मागे, पुन्हा हळू. वर काय चाललंय, किनारा कसा दिसतो, दोर कोण फेकतं, यातलं त्याला काही दिसत नाही. सगळं होऊन गेल्यावर तो वर येतो तेव्हा जहाज बांधलेलं असतं.

महिपतनं आपली जुनी ओम्नी काढली. हफीजा पुढे बसली, डबे मांडीवर. आरे-वारेच्या वळणावळणांनी, गणपतीपुळे, मालगुंड मागे टाकत ते जयगडला पोचले आणि दीपगृहाजवळच्या कड्यावर जाऊन थांबले. कातळावर वारा भणाणत होता. जहाज लांब होतं, काळ्या काडीएवढं. हफीजाला वाटलं ते उभंच आहे.

वाऱ्यात पाइप धोक्याचा, निखारा भडकतो. युसुफ चिऱ्यांच्या गडग्याआड बसला, वाटी तळव्यानं झाकली आणि काडी लावली. महिपत उभा राहून बघत होता. जहाज काही हलत नाही म्हणून तो कुरकुरला.

"हलतंय," युसुफ म्हणाला. "बंदरात येताना असंच चालतं. घाई केली तर थांबत नाय ते."

जहाजाला बंदराची वाट दाखवणाऱ्या पायलटची होडी जाऊन त्याला भिडली. मग जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या दोन टगबोटी निघाल्या आणि त्या अजस्र पोलादी भिंतीला दोन बाजूंनी टेकल्या. युसुफ बघत होता आणि त्याच्या कानात जुने हुकूम वाजत होते. टग लागली तेव्हा त्याच्या मनानं म्हटलं, आता थांब. आणि खरंच जहाजामागचं फेसाळ पाणी शांत झालं. आता जरा मागे. पाणी उलटं घुसळलं. खाली येणाऱ्या हुकमांनी बाहेर जे होतं, ते असं दिसतं तर. त्यानं हफीजाला बोटानं दाखवलं: ती वरची काचांची रांग, तो ब्रिज, आपली पोर तिथं आहे. हफीजानं ओढणी डोक्यावर नीट घेतली, जणू लांबून मुलगी बघते आहे. मग ती हळूच विचारती झाली, तुम्ही खाली कुठं असायचात? त्यानं पाण्यालगतची, पार मागची जागा दाखवली. ती त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली.

जहाज धक्क्याला टेकलं तेव्हा पाइप संपलेला होता. केव्हा संपला हे युसुफला सांगता आलं नसतं.

बंदराच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथं बाकावर ते वाट बघत बसले. दुपार कलल्यावर आफरीन आली, निळा कामाचा डगला, कपाळावर हेल्मेटची खूण, चेहरा उन्हानं रापलेला. कप्तानानं तिला थोडा वेळ सोडलं होतं. तिनं आधी आईला मिठी मारली, मग टपरीवाल्याकडून पाणी मागून घटाघट प्यायली. युसुफ टपरीवाल्याला सांगत होता, ही माझी मुलगी, ते समोरचं जहाज हिनं आणलं. आफरीन म्हणाली, आणलं कप्तानानं आणि पायलटनं, मी नुसती बाजूला होते. मग तिला गंमत आठवली.

"इंजिनचे हुकूम मी देत होते, अब्बा. पायलट सांगतो, हँडल मी फिरवते. खाली जातात ते माझ्याच हातानं."

युसुफ कप खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. आज कड्यावरून त्यानं जे जे ओळखलं होतं, थांब, मागे, हळू, ते सगळं तिच्या हातून निघालं होतं. त्यानं विचारलं, खाली कोण आहे? तिनं सांगितलं, दोन फिलिपिनो आहेत, एक ओडिशाचा, आणि तेलवाला म्हणाल तर राजापूरकडचा, केरू नावाचा. चांगला माणूस आहे.

"जहाज बांधून झाल्यावर कोण सांगतं त्यांना?"

"हँडल शेवटचं फिरवलं की कळतं त्यांना."

"ते कळतं," युसुफ म्हणाला. "पण सांगतं कोण?"

आफरीननं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "मी फोन करते खाली. जहाज लागलं, किनारा छान आहे, वर येऊन बघा म्हणते. पहिल्या जहाजापासून करते. बाकीचे हसतात मला."

युसुफनं कपातला उरलेला चहा सावकाश, घोट घोट संपवला. मग तो एवढ्या मोठ्यानं बोलला की फाटकावरच्या रखवालदारानं वळून बघितलं.

"हसू देत त्यांना. तू करत जा."

हफीजानं डबे उघडले. चौघांच्या मानानं डबे जास्त होते. त्यातला एक तिनं पुन्हा झाकण घट्ट लावून आफरीनच्या हातात दिला आणि हा खालच्या माणसांसाठी म्हणून सांगितलं.